मान, बिदागी आणि पुरस्कार

कलावंताच्या खांद्यावर शेला घालणें आणि कलावंताचें नांव एखाद्या यादींत लिहिणें, या दोन क्रिया वरवर पाहतां सारख्याच वाटतात. दोहोंत गौरव आहे व दोहोंत कृतज्ञताहि आहे. परंतु शेला घालणाराला त्या कलेचें नांव काय, ती गायनांत मोडते कीं नृत्यांत, असा प्रश्न पडत नाहीं. यादी लिहिणाराला मात्र नांवाच्या आधीं वर मथळा घालावा लागतो. पुरस्कारांच्या व्यवहारांत या मथळ्याला सदर म्हणतात. शास्त्रीय गायन, वादन, नाट्य यांना अशीं सदरें सहज मानवतात, कारण त्यांच्या सीमा पूर्वींच आंखलेल्या असतात. लोकसंगीताची गोष्ट निराळी. तें शेतांत, देवळापुढें, जत्रेंत आणि होळीच्या मांडावर वाढलेलें असतें. त्याला सदरांत बसवूं गेलें कीं कांहींतरी बाहेर राहून जातें. लोकगायकांना आजवर कोणकोणत्या नांवांखालीं गौरविण्यांत आलें आणि प्रत्येक वेळीं काय बाहेर राहिलें, हें पाहणें म्हणूनच उद्बोधक आहे.

या विचाराला एखादें गांव डोळ्यांपुढें असलेलें बरें. रत्नागिरी शहराच्या पूर्वेस, मुंबई-गोवा महामार्गावर पाली हें गांव आहे. आंबा घाटानें कोल्हापूरकडे जाणारा रस्ता येथेंच फुटतो, त्यामुळें गांवाचें नांव प्रवाशांच्या परिचयाचें असतें. लक्ष्मीपल्लीनाथाचें देवस्थान हें येथील भूषण. या पट्ट्यांतील इतर गांवांप्रमाणेंच येथेंहि वर्ष दोन सणांना बांधलेलें आहे: फाल्गुनांतला शिमगा आणि भाद्रपदांतला गणपति. शिमग्याला नमन-खेळे आणि गणपतीला जाखडी, हा रत्नागिरीकडील कुणबी शेतकऱ्यांच्या संगीताचा ठरलेला क्रम होय.

नमनांत आरंभीं देवांना, धरतीला आणि ग्रामदैवताला वंदन होतें. मग गण, गवळण, राधा-कृष्णांचा खेळ आणि पुढें एखादा वग. मृदंगाचा ठेका व झांजांची साथ हा त्याचा प्राण. काळ्या वेषांतला, उंच टोपीचा संकासूर मुलांना भेवडावीत आणि हंसवीत मांडावर येतो. राधेचें सोंग परंपरेनें पुरुषच घेतो. जाखडीची रीत वेगळी आहे. गाणारा शाहीर आणि ढोलकी-मृदंगवाले मध्यभागीं बसतात व त्यांच्या भोंवतीं पायांत चाळ बांधलेले नाचे फेर धरतात. मुंबईस घरकामाला राहिलेल्या, कानांत बाळी घालणाऱ्या कोंकणी गड्यांवरून या नाचाला ‘बाल्या नाच’ असें नांव पडलें, असें सांगतात. जाखडींत शक्तिवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष असतात. शक्तिवाला शक्तीची थोरवी गातो, तुरेवाला शिवाची. एकानें सवाल टाकावा, दुसऱ्यानें तो सोडवावा आणि उलट आपला सवाल टाकावा, अशी रात्र सरते. देशावरच्या कलगी-तुऱ्याचेंच हें कोंकणी रूप आहे.

या मंडळींचा गौरव पूर्वापार कसा होत आला? खेळे घरोघर जात, तेव्हां यजमान नारळ, तांदूळ आणि यथाशक्ति पैसे देई. हें दान साऱ्या मेळाचें असे. त्यांत गाणाराचा वांटा कोणता आणि मृदंग्याचा कोणता, हें देणारा पाहत नसे. परंतु नारळ-तांदळाहून मोठी वस्तु होती ती ‘मान’. देवापुढील मांडावर प्रथम कोणीं उभें राहावें, पालखीला पहिला खांदा कोणीं द्यावा, हें गांवच्या रिवाजानें ठरलेलें असे. हा मान वाडीचा किंवा घराण्याचा होता. मेळांतला एखादा गडी कितीहि गुणी असला तरी तो मान त्याच्या एकट्याच्या नांवें चालत नसे.

या व्यवस्थेचें कौतुक करतांना तिची उणी बाजू झांकून चालणार नाहीं. मान जन्मानें येई, गुणानें नव्हे. त्यांत उच्चनीच होतें, आणि मानपानाचे तंटे कचेरीपर्यंत गेल्याचीं उदाहरणें कोंकणाला नवीन नाहींत. तथापि एक गोष्ट तींत निश्चित होती. कलेचें नांव काय, हा प्रश्न तेथें कोणालाच पडत नसे. नमन म्हणजे गाणें, नाच, सोंग आणि पूजा हीं एकत्र, हें सर्वांना ठाऊक होतें.

गांवाबाहेर दुसरी एक रीत होती. ती राजदरबारची. अफझलखानाच्या वधावरील पोवाड्याचा कर्ता अज्ञानदास याला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचें सांगितलें जातें. मराठी शाहिराच्या राजसन्मानाची ही पहिली ठळक आठवण होय. पेशवाईच्या उत्तरार्धांत राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर अशी शाहिरांची मोठी मालिकाच उदयास आली. यांतील प्रभाकर दातार हा मूळचा रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूडचा. दरबारची बिदागी, शेला-पागोटें, क्वचित् वर्षासन, हें या शाहिरांच्या गौरवाचें स्वरूप होतें. येथें मेळाऐवजीं व्यक्ति पुढें आली. शाहिराचें नांव कवनाच्या अखेरीस गुंफलेलें असे आणि बिदागीहि त्या नांवाला मिळे. ढोलकीवाला व झीलकरी यांचीं नांवें इतिहासानें क्वचितच राखलीं.

सदरांचा आरंभहि एका अर्थीं याच काळांत दिसतो. अनंत फंदीनें अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून तमाशा सोडून कीर्तन धरलें, अशी आख्यायिका आहे. राम जोशीहि पुढें कीर्तनाकडे वळला. एकाच माणसाची एकच वाणी. परंतु ती तमाशाच्या फडांत निघाली तर हलकी आणि कीर्तनाच्या गादीवरून निघाली तर थोर, असा भेद समाजाच्या मनांत पक्का होता. कलेपेक्षां कलेचा मथळा पाहून मान द्यावयाचा, ही खोड पुरस्कारांच्या यादींहून जुनी आहे.

पेशवाई बुडाल्यावर बिदागीचा झरा आटला. विद्वान् ब्राह्मणांना मिळणारी दक्षिणा इंग्रज सरकारनें कांहीं काळ चालूं ठेवली. पुढें त्या निधीचा कांहीं भाग लोकोपयोगी मराठी ग्रंथांकडे लावावा अशी मागणी झाली आणि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. मराठी समाजाला ‘बक्षीस’ या शब्दाचा नवा अर्थ येथें कळला. अर्ज करावयाचा, परीक्षकांनीं तपासावयाचें, योग्यता ठरवावयाची आणि मग रक्कम द्यावयाची, अशी ही पद्धत. दान देणाराच्या मर्जीवर होतें. बक्षीस गुणावर मिळूं लागलें, ही प्रगतीच म्हटली पाहिजे. परंतु त्या बक्षिसांचा रोख लिहिलेल्या ग्रंथाकडे होता. शाहिराजवळ ग्रंथ नव्हता, चोपडी होती. पुष्कळांजवळ तीहि नव्हती. नव्या गुणग्राहकतेच्या दारांत त्याला उभें राहण्यास जागाच नव्हती.

‘पुरस्कार’ हा शब्दहि तेव्हां आजच्या अर्थानें रूढ नव्हता. एखाद्या मताचा किंवा माणसाचा पुरस्कार करणें म्हणजे त्याला पुढें करणें, त्याची बाजू उचलणें. बक्षिसाला पारितोषिक म्हणत. पुरस्कार म्हणजेच पारितोषिक, हा अर्थ मागाहून स्थिरावला. जुना अर्थ ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण लोककलावंताला पारितोषिकाइतकीच कोणीतरी पुढें करण्याची गरज होती.

ही गरज किती होती, हें तमाशाच्या कथेवरून दिसतें. पठ्ठे बापूराव या नांवानें महाराष्ट्रभर गाजलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी १९४५ साली दारिद्र्यांतच वारले. त्यांच्या लावण्या हजारों लोकांच्या तोंडीं होत्या, पण त्यांच्या नांवापुढें लिहावयाला कोणतेंहि मान्य सदर नव्हतें. स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत, अश्लीलतेच्या आक्षेपावरून तमाशावर बंदी आली. तींतून वाट काढण्यासाठीं दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालीं तमाशा सुधार समिती नेमण्यांत आली, आणि संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत सुरू झाली. सरकारच्या दप्तरांत तमाशा प्रथम शिरला तो असा, कलेच्या सदरांत नव्हे, तपासणीच्या सदरांत.

याच सुमारास देशाच्या पातळीवर सन्मानांची नवी घडी बसत होती. संगीत नाटक अकादमीचें उद्घाटन २८ जानेवारी १९५३ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. आरंभींच्या सन्मान-याद्यांवर शास्त्रीय गायन-वादनाची छाप स्पष्ट आहे. १९५३ साली हा मान केसरबाई केरकर यांना मिळाला, १९५५ साली अभिनयासाठीं बालगंधर्वांना. सदरें तेव्हां पुरतीं ठरलेलीं नव्हतीं. आरंभींच्या वर्षांत अकादमीनें चित्रपटालाहि जागा दिली होती. १९५७ साली देवकीकुमार बोस यांना दिग्दर्शनासाठीं गौरविण्यांत आलें. पुढें चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार स्थिरावले आणि अकादमीच्या यादींतून तें सदर गेलें. एक सदर मिटतें, दुसरें उघडतें, आणि मधल्या काळांतील कलावंत कोणत्या नांवानें ओळखला जाईल हें त्या उघडझापीवर ठरतें.

लोककलांसाठीं जें सदर झालें तें फार मोठें होतें आणि फार अरुंदहि होतें. लोकसंगीत, लोकनृत्य, लोकनाट्य, आदिवासी कला आणि बाहुल्यांचा खेळ हीं सारीं त्यांत आलीं. म्हणजे काश्मीरपासून केरळपर्यंतचे अगणित प्रकार एका मथळ्याखालीं, आणि वर्षाकांठीं गौरव होणार तो थोडक्यांचा. तरीहि या सदरानें महाराष्ट्राला कांहीं समाधानाचे क्षण दिले. ‘गाढवाचं लग्न’ या वगानें प्रसिद्धीस आलेले दादू इंदुरीकर यांना १९७३ साली, शाहीर साबळे यांना १९८४ साली आणि लावणीच्या बैठकीची अदाकारी जपणाऱ्या यमुनाबाई वाईकर यांना १९९५ साली अकादमीनें गौरविलें. ज्या तमाशाची एकेकाळीं तपासणी झाली, त्याच्याच रंगमंचावरून आलेल्या कलावंताला राष्ट्रीय सन्मान मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे. पुढें यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. कोंकणांतून सिंधुदुर्गांतील पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांच्या जतनासाठीं २०२१ साली पद्मश्री देण्यांत आली. पद्म सन्मानांत ‘कला’ हें एकच विशाल क्षेत्र आहे. त्यांत बाहुल्यांचा खेळ आणि दरबारी कानडा शेजारीं शेजारीं बसतात, हा त्याचा एक गुण म्हणावा लागेल.

नभोवाणीनेंहि आपल्या परीनें सदरें निर्माण केलीं. डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळांत त्या खात्याचे मंत्री होते. त्यांच्या वेळीं कलावंतांची चांचणी घेऊन श्रेणी ठरविण्याची पद्धत पक्की झाली. शास्त्रीय, सुगम आणि लोकसंगीत असे विभाग आणि प्रत्येकांत श्रेणी. लोकगायकाला यामुळें प्रथमच नियमित मानधन आणि शहरी श्रोता लाभला. १९७७ साली रत्नागिरीस आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यावर कोंकणच्या गायकांना मुंबईची वाट धरण्याचें कारण उरलें नाहीं. पण ध्वनिक्षेपकापुढें जाखडी आली ती अर्धीच. फेर, पावलें, संकासुराची टोपी हीं नभोवाणीवरून ऐकूं येत नाहींत. जें ऐकूं येतें तेवढेंच ‘लोकसंगीत’ ठरलें, आणि बाकीच्याला ‘लोकनृत्य’ हें दुसरें सदर शोधावें लागलें.

राज्य सरकारच्या सांस्कृतिक पुरस्कारांत सदरें अधिक बारकाईनें पाडलेलीं आहेत. नाटक, कंठसंगीत, उपशास्त्रीय संगीत, वाद्यसंगीत, नृत्य, मराठी चित्रपट, कीर्तन, शाहिरी, तमाशा, लोककला, आदिवासी गिरिजन आणि कलादान अशीं नांवें त्यांत दिसतात. शाहिरी आणि तमाशा यांना स्वतंत्र स्थान मिळालें, ही महाराष्ट्राच्या रुचीची विशेष खूण आहे. तमाशाक्षेत्रांतील जीवनगौरव पुरस्कार विठाबाई नारायणगांवकर यांच्या नांवानें दिला जातो. पहिल्यानें तो कांताबाई सातारकर यांना मिळाला. विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखींत गेले आणि २००२ साली त्या निवर्तल्या. ज्या नांवाला जिवंतपणीं पुरेसा आधार मिळाला नाहीं, तेंच नांव आतां आधाराचें चिन्ह झालें आहे.

या यादींत पालीच्या जाखडीला शोधूं गेल्यास काय दिसतें? सवाल-जवाब रचणारा कवि म्हणून तिचा बुवा शाहिरींत बसूं शकतो. नाचे नृत्यांत जाऊं शकले असते, पण तेथें शास्त्रीय नृत्याशीं सामना आहे. मृदंग्याला वाद्यसंगीत आहे, परंतु तेथें सतार-सरोद आहेत. म्हणून सगळ्यांनीं मिळून ‘लोककला’ या सदरांत जावयाचें. तेथें दशावतार, भारूड, गोंधळ, खडीगंमत, वासुदेव आणि इतर पुष्कळ मंडळी आधींच रांगेंत उभी आहेत.

ही अडचण केवळ मराठी मुलखाची आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंत ज्याला ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात, त्या दक्षिणेकडील खेडवळ संगीताचा इतिहास या बाबतींत फार बोलका आहे. आरंभीं ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यांत त्याला ‘हिलबिली’ हें हिणवणारें नांव होतें. १९४४ साली ‘बिलबोर्ड’ पत्रानें त्याच्या लोकप्रियतेचा तक्ता छापूं लागतांना ‘फोक’, म्हणजे लोकसंगीत, हा मथळा वापरला. १९४९ साली तो बदलून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केला. गाणीं तींच, गाणारे तेच, पण मथळा तीनदां फिरला.

१९५९ साली ग्रॅमी पारितोषिकांचा पहिला सोहळा झाला, तेव्हां एकंदर २८ सदरें होतीं. त्यांत ‘कंट्री अँड वेस्टर्न’ होतें, ‘फोक’ नव्हतें. परिणाम असा झाला कीं नॉर्थ कॅरोलायनांतील एका खुनाची जुनी लोककथा सांगणारें ‘टॉम डूली’ हें गीत, तेंहि कॅलिफोर्नियांतील किंग्स्टन ट्रायो या तरुण त्रिकुटानें गाइलेलें, कंट्रीच्या सदरांत विजयी ठरलें. चूक ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. पुढच्याच सोहळ्यांत लोकसंगीताचें स्वतंत्र सदर निघालें, आणि त्याचा पहिला मानहि त्याच त्रिकुटाला मिळाला.

मधल्या काळांत कंट्रीच्या मंडळींनीं आपल्या घरचे सन्मान सुरू केले. पश्चिम किनाऱ्यावर १९६४ साली स्थापन झालेल्या संस्थेनें १९६६ पासून, तर नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशननें १९६७ पासून. नॅशव्हिलच्या पहिल्या यादींत गायक, गायिका, गायकवृंद, वादक, वादकवृंद, गीत, मुद्रिका, संग्रह आणि वर्षाचा सर्वोत्तम रंजनकार यांच्याबरोबर ‘विनोदवीर’ हेंहि सदर होतें. खेडवळ गाण्याच्या फिरत्या कार्यक्रमांत विदूषक असे, म्हणून त्याला जागा दिलेली. १९७० नंतर तें सदर बंद झालें. नमनांतील संकासूर किंवा तमाशांतील सोंगाड्या ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या घटनेचा अर्थ समजावून सांगावयास नको. संगीताची यादी करतांना सोंग गळून पडलें. रंजनकाराचा सर्वोच्च मान मात्र १९७२ साली प्रथमच एका स्त्रीला, खाणकामगाराची कन्या असलेल्या लॉरेटा लिन यांना मिळाला.

पुढें ग्रॅमीचीं सदरें फुगत गेलीं. १०९ झालीं तेव्हां २०११ साली तीं छाटून ७८ वर आणण्यांत आलीं. कंट्रीमधील गायक आणि गायिका यांचीं वेगळीं सदरें एक झालीं. याच छाटणींत हवाई बेटांचें संगीत, मूळ अमेरिकन लोकांचें संगीत, लुइझियानाचें केजन व झायडेको हीं थोड्या वर्षांपूर्वीं मिळालेलीं स्वतंत्र सदरें मिटून ‘प्रादेशिक संगीत’ अशा अर्थाच्या एकाच सदरांत कोंबण्यांत आलीं. महासागराच्या दोन टोकांचीं गाणीं एका रांगेंत उभीं राहिलीं. उलट २०२५ साली कंट्रीच्या संग्रहासाठीं असलेलें सदर दुभंगून ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ अशीं दोन करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षाच्या आरंभीं बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेला कंट्री संग्रहाचा मान मिळाला होता, आणि कंट्री म्हणजे नक्की कोणाचें गाणें, हा वाद तेथें जोरांत चालू होता. सदर बदललें कीं वाद संपतो असें नाहीं, पण वाद कोठें आहे तें सदरांवरून कळतें.

सदर मागितल्याशिवाय मिळत नाहीं, याचें उदाहरण शोधण्यासाठीं इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. फिल्मफेअर पारितोषिकें १९५४ साली सुरू झालीं तेव्हां त्यांत पार्श्वगायनाला स्थान नव्हतें. १९५७ च्या सोहळ्यांत पारितोषिक मिळालेल्या संगीताचें गाणें लता मंगेशकरांनीं गावें अशी विनंति झाली. गाणाऱ्याला जेथें मान नाहीं तेथें गाणार नाहीं, असें सांगून त्यांनीं ती नाकारली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५९ साली पार्श्वगायनाचें सदर निघालें आणि तें पहिलें पारितोषिक त्यांनाच मिळालें. गायक आणि गायिका यांचीं सदरें वेगळीं होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. लताबाईंजवळ नकार देण्याचें सामर्थ्य होतें. जाखडीच्या मृदंग्याजवळ तें नाहीं. त्याच्या नकारानें कोणताहि सोहळा अडणार नाहीं.

कोंकणांत आज नमन आणि जाखडीच्या स्पर्धा होतात. सरकारच्या सांस्कृतिक कार्य खात्यानेंहि नमन-खेळ्यांचे महोत्सव भरविले आहेत. मुंबईंत राहणाऱ्या चाकरमान्यांनीं तर या कलांना गिरणगांवांत दुसरें घर मिळवून दिलें, आणि परळचें दामोदर नाट्यगृह दीर्घकाळ अशा प्रयोगांनीं गजबजलेलें असे. स्पर्धेमुळें तरुण पुढें आले, पोशाख टापटिपीचे झाले, उच्चार स्वच्छ झाले, हें मान्य केलें पाहिजे. त्याबरोबर कांहीं बदल नकळत झाले. रात्रभर चालणारा सवाल-जवाब ठरलेल्या वेळांत उरकावा लागतो. परीक्षकांची पाठ होऊं नये म्हणून फेराचें तोंड एका बाजूस वळतें. वर्तुळाला पुढें-मागें नसतें, रंगमंचाला असतें. उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट वादक, उत्कृष्ट नृत्य अशीं बक्षिसें निघालीं कीं जें एकजीव होतें त्याचे भाग पडतात, आणि प्रत्येक भाग आपापल्या बक्षिसाकडे पाहूं लागतो.

सदरांचा प्रश्न मानचिन्हापुरताच राहत नाहीं, तो पोटाशींहि येऊन भिडतो. वृद्ध कलावंतांना सरकारकडून मिळणाऱ्या मासिक मानधनांत पुष्कळ वर्षें अ, ब आणि क असे वर्ग होते. राष्ट्रीय कीर्तीचा तो अ, राज्यांत नांव असलेला तो ब, आणि स्थानिक तो क. ज्याची कला ग्रामदैवताच्या मांडाशींच बांधलेली आहे, त्यानें राष्ट्रीय कीर्ति कोठून आणावी? शिमग्याचा मांड सोडून तो जेवढा दूर जाईल तेवढा त्याचा वर्ग वर चढणार, आणि जेवढा तो आपल्या कलेच्या मुळाशीं राहील तेवढा खालीं, असा त्या वर्गवारीचा अर्थ होता. २०२४ साली हे वर्ग मोडून सर्वांना सरसकट दरमहा ५००० रुपये देण्याचें ठरलें. लोककलावंतांच्या सन्मानाच्या इतिहासांत सदर नाहींसें केल्यानें न्याय झाल्याचा हा दुर्मिळ प्रसंग होय.

याचा अर्थ सदरें नकोत असा नव्हे. सदर नसलें कीं काय होतें, हें पठ्ठे बापूरावांच्या अखेरीनें दाखविलें आहे. प्रश्न आहे तो सदराला नांव कोणीं द्यावें आणि त्यांत कोणाला मोजावें याचा. नमन-जाखडीसारखी कला मेळाची आहे. तिचा गौरव एकाच व्यक्तीच्या गळ्यांत हार घालून पुरा होत नाहीं. अमेरिकेच्या यादींत गायकवृंदाला पहिल्या वर्षापासून जागा होती. महाराष्ट्राच्या याद्यांत अख्ख्या मेळाला, त्यांतील मृदंग्या-झांजवाल्यांच्या नांवानिशीं आणि गांवाच्या नांवानिशीं, जागा करून देणें अशक्य नाहीं. ‘लोककला’ या मोठ्या मथळ्याखालीं नमन, जाखडी, दशावतार, भारूड यांना पाळीपाळीनें स्वतंत्र वर्षें देतां येतील. परीक्षकांनीं नाट्यगृहांत मेळाला बोलावण्याऐवजीं शिमग्यांत मांडावर जावें, हेंहि करण्याजोगें आहे. तेथें वेळेची घंटा वाजत नाहीं, आणि फेराला सर्व बाजूंनीं पाहतां येतें.

गांवच्या जुन्या मानांत जन्माचा दोष होता, दरबारच्या बिदागींत मर्जीचा, आणि आजच्या पुरस्कारांत मथळ्याचा आहे. पहिले दोन दोष काळानें पुष्कळसे धुऊन काढले. तिसरा काढणें हें याद्या लिहिणारांच्या हातीं आहे, आणि त्यासाठीं त्यांना एखाद्या फाल्गुनांत कोंकणांतल्या मांडावर रात्रभर बसावें लागेल.